टेस्ट आधी, आकडे नंतर

थिसिस जमा करायची तारीख जवळ आली की परळ, शीव, भायखळ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत संख्याशास्त्र जाणणाऱ्यांना एकाएकी भाव येतो. एमडीचे विद्यार्थी काठोकाठ भरलेली एक्सेल शीट घेऊन येतात आणि विचारतात, “सर, याला कोणती टेस्ट लावू?” टेस्ट म्हणजे इथे रक्ताची तपासणी नव्हे, तर दिसलेला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, हे बघणारं गणित. हे वरातीमागून घोडं. टेस्ट ठरवायची ती पहिल्या रुग्णाचा फॉर्म भरण्याआधी. आकडे हाती आल्यावर ठरवायला बसलं, की मनासारखं उत्तर देणारी टेस्ट शोधायचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही.

आधी बघायचं ते हे, की आपण मोजतोय काय. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार करणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली आणि महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात राजी झालेल्या कैद्यांना टोचली. इथे प्रश्न दोनच: लस घेतली का, आणि प्लेग झाला का. दोन्हींची उत्तरं हो किंवा नाही, म्हणजे चार घरांचा तक्ता. अशा तक्त्याला आज काय-स्क्वेअर टेस्ट लावतात. एखाद्या घरातली अपेक्षित संख्या (लस आणि प्लेग यांचा काही संबंध नसता तर त्या घरात जेवढी माणसं पडली असती ती) पाचाच्या खाली गेली तर फिशरची. हाफकिनना ही सोय नव्हती, कारण कार्ल पिअर्सन यांची काय-स्क्वेअर आली १९०० साली. पण असती तरी एक शंका उरलीच असती. आपणहून पुढे आलेले कैदी आणि मागे राहिलेले कैदी मुळात सारखे होते का? ते कुठलीच टेस्ट सांगत नाही. लस कोणाला द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं, तरच त्या शंकेला उत्तर मिळतं.

रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन यांचं तसं नाही. तिथे आकडा मिळतो, सरासरी काढता येते आणि दोन सरासऱ्यांची तुलना करायला टी-टेस्ट लागते. डब्लिनच्या गिनेस बिअर कंपनीतल्या विल्यम गॉसेट यांनी ती १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने मांडली. मात्र तिचे दोन प्रकार आहेत, आणि थिसिस घसरतात ते बहुधा इथेच.

समजा, पाच बस ड्रायव्हरांना तीन महिने रोज चालायला लावलं. वरचा रक्तदाब आधी १२८, १३४, १४२, १५०, १६६ होता. नंतर त्याच क्रमाने १२४, १३१, १३७, १४५, १६० झाला. (आकडे मी मनचे घेतलेत, आणि खऱ्या अभ्यासाला पाच माणसं पुरत नाहीत.) सरासरी १४४ वरून १३९.४ वर आली. हे दोन वेगवेगळे गट धरून साधी टी-टेस्ट लावली तर पी-व्हॅल्यू ०.६ च्या वर जाते. म्हणजे चालण्याचा काही परिणाम नसता, तरी एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता ६० टक्क्यांहून जास्त. पण हे दोन गट नाहीतच, तीच पाच माणसं आहेत! प्रत्येकाचा स्वतःशीच फरक घ्या: ४, ३, ५, ५, ६. आता पेअर्ड, म्हणजे जोडीजोडीने फरक बघणारी टी-टेस्ट लावली की पी-व्हॅल्यू ०.००१ च्याही खाली उतरते. माणसामाणसांतला मोठा फरक वजाबाकीतच निघून गेला. अर्थात हा गुण चालण्याचाच, असं लगेच म्हणू नये. न चालणाऱ्यांचा गट सोबत नसेल, तर दुसऱ्यांदा मोजताना पेशंटची भीड चेपली होती म्हणूनही रक्तदाब उतरलेला असू शकतो.

इस्पितळातल्या मुक्कामाचे दिवस ही आणखी वेगळी जात. डेंग्यूचे बहुतेक रुग्ण चार-पाच दिवसांत घरी जातात, आणि एखादा महिनाभर आयसीयूत राहून सगळी सरासरी वर ओढतो. तिथे मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) सांगावा आणि आकड्यांऐवजी त्यांचा क्रम बघणारी मान-व्हिटनी टेस्ट लावावी.

टेस्ट किती लावायच्या, हेही आधीच लिहून ठेवायचं. कशाचा कशाशी संबंध नसताना २० स्वतंत्र टेस्ट लावल्या, तरी ०.०५ च्या कसोटीवर (पी-व्हॅल्यू याखाली गेली की फरक खरा धरायचा, असा रिवाज आहे) किमान एक तरी ‘लागण्याची’ शक्यता ६४ टक्के असते. मग तीच एक थिसिसच्या शीर्षकात जाऊन बसते.

सगळ्यात दुर्लक्षित राहतं ते घर. पावसाळ्यात चाळीत किंवा वस्तीत फिरून ६० घरांतल्या ३०० जणांची तपासणी केली, तर ती ३०० सुटी माणसं नसतात. एका खोलीतल्या पाच जणांचं पाणी एक, डास तेच, तुंबलेलं गटारही तेच. साधी काय-स्क्वेअर त्यांना एकमेकांशी संबंध नसलेली समजते आणि पी-व्हॅल्यू आहे त्याहून लहान दाखवते. यासाठी घराचा हिशेब धरणाऱ्या वेगळ्या पद्धती आहेत, त्यांना माणसंही जास्त लागतात. किती जास्त, ते एका घरातल्या माणसांत आपसांत किती साम्य आहे त्यावर अवलंबून. आणि ते गणित प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, एथिक्स कमिटीकडे जाण्याआधीच करावं लागतं.