‘लागला’ या शब्दाचा प्रवास : मुलांच्या मोबाइल गेममध्ये जुगार कुठून आला

‘टॉपअप मारला’, ‘स्पिन मारला’, ‘बंडल लागलं’, म्हणजे गेममध्ये पैसे भरले, बक्षिसाचं चाक फिरवलं, पोशाखाचा संच मिळाला. मधल्या सुट्टीत आठवी-नववीची मुलं सर्रास असं बोलतात. यातलं ‘लागलं’ आपल्या सांगली-मिरज भागाला जुनंच आहे. पानटपरीवर आकडा लागायचा, जत्रेत सोरट खेळताना स्टीलचा डबा लागायचा. पण टपरीवर पोराला कुणीतरी ओळखायचं आणि घरी हाकलायचं.

महाराष्ट्रात जुगाराच्या छाप्यांना आधार असतो तो १८८७ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्याचा. या कायद्यात एक छोटं कलम आहे : निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९६८ च्या निकालानं रमी कौशल्यात बसवली आणि तीन पत्ती नशिबाच्या बाजूला टाकली. पुढं पैसे लावून खेळायच्या ॲप्सनी या एका फटीतून आख्खा धंदा उभा केला.

मुलांची गोष्ट मात्र खऱ्या अर्थानं २०१८ पासूनची, आणि जून २०२० पासून ती घरोघरची झाली. शाळा बंद होत्या, तास मोबाइलवर होते, म्हणून मोबाइल मुलाच्या हातात आला. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वांत लोकप्रिय बंदुकांच्या गेमवर बंदी आली, फेब्रुवारी २०२२ मध्ये दुसऱ्यावर. ‘सरकारनं मुलांसाठी बंद केलं’ असं पालकांना वाटलं. ते खरं नव्हतं. बंदीचं कारण देशाची सुरक्षा आणि माहितीची चोरी हे होतं. पैसे देऊन उघडायच्या, आत काय निघेल ते नशिबावर असलेल्या पेट्यांचा आणि तशाच फिरत्या चाकांचा त्यात विषयच नव्हता. पहिला गेम २०२१ मध्ये नव्या नावानं परत आला, पेट्यांसकट.

त्याच सुमारास मिरजेतल्या एका पालकांनी मला पासबुक दाखवलं. ऐंशी रुपये, पुन्हा ऐंशी, एकाच रात्री चार वेळा ऐंशी. त्यांना ते रिचार्ज वाटले होते. पिन मुलाला पाठ होता, कारण किराण्याचे पैसे तोच पाठवायचा. तो म्हणाला, “पप्पा, मी जुगार नाय खेळलो. नुसता स्पिन मारला.” मुलगा खोटं बोलत नव्हता. चाकावर भाव डायमंडमध्ये, म्हणजे पैसे देऊन घेतलेल्या गेममधल्या नाण्यांत, लिहिलेला असतो, रुपयांत नाही. काही चाकांवर प्रत्येक फेरीला भाव चढतो. गेममधल्या पात्रासाठी हवा असलेला पोशाख चाकाच्या शेजारच्याच खणात दिसतो आणि ‘आज रात्री संपणार’ असं घड्याळ वर पळत असतं. मोठ्या माणसालाही इथं थांबणं जड जाईल.

पैशांच्या ॲप्सचं प्रकरण वेगळं, पण मुलं दोन्ही एकाच पडद्यावर बघत होती. डिसेंबर २०२० मध्ये अशा जाहिरातींत अठराखालचं कुणी खेळताना दाखवू नये असा नियम झाला. २०२३ मध्ये अशाच एका ॲपचं नाव भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर आलं. नियम पाळला गेला आणि जर्सी पोरांच्या अंगावर गेली! कर्नाटकानं ऑक्टोबर २०२१ मध्ये अशा ॲप्सवर बंदी घातली, ती फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयात रद्द झाली. मधल्या काळात म्हैसाळ ओलांडून कर्नाटकातल्या कागवाडला गेलं की मोठं ॲप बंद, मागं फिरलं की सुरू.

ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं कौशल्य की नशीब हा वादच बाजूला सारला. जिंकण्याच्या आशेनं पैसे लावायचा ऑनलाइन खेळ, मग तो कसलाही असो, बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. हे चांगलंच झालं. पण खरा गुंता ‘पण’ या शब्दाचा आहे, आपण ‘पणाला लावणं’ म्हणतो तो. या कायद्यानुसार पैसे देऊन घेतलेली नाणी आणि टोकनसुद्धा पणात येतात. म्हणजे डायमंड हा पण झाला. पुढची अट मात्र अशी, की त्या बदल्यात ‘पैशाचा आणि इतर लाभ’ मिळण्याची आशा हवी. नुसत्या पडद्यावर दिसणारा पोशाख हा लाभ की करमणूक? कंपन्या करमणूक म्हणतात. मला ते पटत नाही.

हा पेच फक्त आपला नाही. बेल्जियमनं २०१८ मध्ये विकतच्या पेट्यांना सरळ जुगार ठरवलं. नेदरलँड्समध्ये अशाच पेट्यांवरून एका गेम कंपनीला झालेला दंड २०२२ मध्ये वरच्या न्यायालयानं रद्द केला. कारण असं, की पेटी हा वेगळा खेळ नाही, ती मोठ्या कौशल्याच्या खेळाचा भाग आहे. १८८७ च्या कलमातला ‘कौशल्य’ हा शब्द तिथंही आडवा आला.

आपल्याकडं मुलांनी मात्र पोशाखाचा भाव कधीच ठरवून टाकला आहे. टॉपअप मारून मारून सजवलेली आयडी, म्हणजे गेममधलं खातं, विकली जाते, कंपनीच्या नियमात बसत नसतानाही. मिरजेच्या त्या मुलाची आयडी तासगावच्या एकानं घेतली. वडिलांनी पुन्हा पासबुक भरून आणलं, तेव्हा दीड हजार रुपये जमेच्या रकान्यात छापून आले होते.