इंधन बचत आणि पर्यावरण व्यवस्थापन: जुळी दिसणारी, पण वेगळी

विमान कंपनीतल्या व्यवस्थापकाला विचारा, पर्यावरणासाठी काय करता? उत्तर बहुधा इंधनावरच येतं. धावपट्टीकडे जाता-येताना एकच इंजिन चालवतो, पंखांच्या टोकांना विंगलेट (वर वळलेली छोटी पाती) बसवले, विमान उभं असताना एपीयू, म्हणजे वीज पुरवणारं छोटं सहायक इंजिन, लवकर बंद करतो. यात खोटं काही नाही. एक किलो जेट इंधन जळलं की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणून वाचलेला प्रत्येक किलो हवेच्याही हिताचा. शिवाय इंधन हा कंपनीच्या सर्वांत मोठ्या खर्चांपैकी एक. पैसे वाचतात, वर पुण्यही पदरी पडतं. मग दोन्ही गोष्टी एकच वाटू लागतात.

पण इंधन विभागाची नजर खरं तर बिलावर असते, आणि बिल वाचवणं म्हणजे इंधन वाचवणं असंही नाही. टँकरिंग हा त्याचा चांगला नमुना. एखाद्या विमानतळावर इंधन स्वस्त असेल तर परतीच्या प्रवासाचंही तिथेच भरून घेतात. हे जादा वजन वाहून नेण्यात जादा इंधन जळतं, पण भावातला फरक मोठा असला की कंपनी तरीही फायद्यात राहते. हिशेबाच्या वहीत बचत, आकाशात जास्तीचा धूर! युरोपीय संघाने २०२५ पासून यावर बंधन घातलं: संघातल्या विमानतळावरून वर्षभरात लागणाऱ्या इंधनापैकी किमान ९० टक्के तिथेच भरायचं.

विमानामागे उमटणाऱ्या पांढऱ्या रेघांचा पेच याहून अवघड आहे. अतिथंड, दमट हवेत त्या पसरून झिरझिरीत ढग होतात आणि जमिनीची उष्णता अडवून धरतात. अशा हवेचा थर टाळायचा तर विमान थोडं वर किंवा खाली न्यावं लागतं. अमेरिकन एअरलाइन्स आणि गूगलने २०२३ मध्ये ७० चाचणी उड्डाणांचे निष्कर्ष मांडले. रेघा ५४ टक्क्यांनी घटल्या, पण मार्ग बदललेल्या उड्डाणांना २ टक्के जादा इंधन लागलं. ज्याची बढती इंधनाच्या आकड्यावर ठरते, तो हे २ टक्के आपणहून का मागेल? मला यात त्या माणसापेक्षा त्याच्यापुढे ठेवलेल्या तक्त्याचा दोष जास्त वाटतो.

शाश्वत इंधनाचंही (वापरलेलं तेल, शेतातला कचरा अशा कच्च्या मालापासून बनवलेल्या विमान इंधनाचंही) तसंच. जळताना ते जवळपास तेवढाच कार्बन सोडतं. फायदा असतो तो कच्च्या मालापासूनच्या पूर्ण साखळीत. किंमत मात्र साध्या इंधनापेक्षा बरीच जास्त, त्यामुळे बचतीच्या चौकटीतून पाहिलं तर ते विकत घ्यायला काही कारणच उरत नाही.

आणि दर आसनामागचं इंधन कितीही घटलं तरी ताफा वाढत गेला की एकूण उत्सर्जन वाढू शकतं. वार्षिक अहवालात पहिला आकडा ठळक छापला जातो. दुसऱ्याची दखल कोर्सिया ही आंतरराष्ट्रीय योजना घेते, तीही फक्त सहभागी देशांमधल्या आंतरराष्ट्रीय उड्डाणांपुरती: २०२४ पासून २०१९ च्या पातळीच्या ८५ टक्क्यांच्या वर जाणाऱ्या उत्सर्जनासाठी कंपन्यांना ऑफसेट, म्हणजे दुसरीकडे घटवलेल्या उत्सर्जनाची प्रमाणपत्रं, विकत घ्यावे लागतात. देशांतर्गत उड्डाणं या हिशेबात धरलेलीच नाहीत.