कोड आणि कोढ

मराठीत अंगावर पांढरे डाग उमटले की ‘कोड फुटलं’ म्हणतात. तोच शब्द हिंदी मुलखात जरा जड जिभेने, ‘कोढ’ असा उच्चारला, तर ऐकणारा महारोग समजतो. दोन्हींचं मूळ एकच, संस्कृत ‘कुष्ठ’. मराठीने महारोगासाठी निराळा शब्द वापरात ठेवला (बाबा आमटेंनी १९४९ साली वरोऱ्याला काढलेली संस्थाही ‘महारोगी सेवा समिती’च) आणि कुष्ठाचं झिजलेलं नाव पांढऱ्या डागांना चिकटवलं. ‘कोडकौतुक’मधलं कोड वेगळं. ज्याच्या अंगावर हे कोड फुटतं त्याच्या वाट्याला ते दुसरं फारसं येत नाही, एवढाच काय तो संबंध.

त्वचेत घडतं ते असं. बाह्यत्वचेच्या तळाशी रंगपेशी असतात. टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लापासून त्या मेलॅनिन बनवतात, बारीक पिशव्यांत भरतात आणि शेजारच्या पेशींना वाटतात. एकेका रंगपेशीकडे साधारण ३६ घरांचा रतीब असतो. गोऱ्या आणि काळ्या माणसाच्या अंगात या रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो पिशव्यांचा आकार, त्यांची मांडणी आणि आतला माल यांत. कोडामध्ये शरीराची संरक्षक यंत्रणाच या रंगपेशींवर उलटते आणि त्या मरतात. जंतू नाही, संसर्ग नाही. महारोगाचा जंतू हॅन्सन यांनी १८७३ साली नॉर्वेत पाहिला. तो मज्जातंतू पोखरतो, म्हणून त्याचा डाग बधिर होतो. कोडाच्या डागावर टाचणी टोचली तर चांगली कळते. इतका साधा फरक, आणि तरी दोन रोगांची नावं हजारो वर्षं एकमेकांत अडकलेली.

जुन्यांना फरक दिसत नव्हता असं म्हणावं, तर तेही खरं नाही. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडात एका काळ्या वनस्पतीला उद्देशून सूक्त आहे. तू रात्री जन्मलेली, काळी. हे रंगवणारे, हे ‘किलास’ आणि हे ‘पलित’ रंगव, अशी तिला विनवणी. किलास म्हणजे कातडीवरचे पांढरे डाग, पलित म्हणजे पिकलेले केस. मेलॅनिन हा शब्द जन्मण्यापूर्वी हजारो वर्षं कुणीतरी या दोन गोष्टी एका दमात म्हटल्या आणि दोन्हींवर उपाय एकच मागितला, रंग.

आयुर्वेदाचा आचार्य सुश्रुत तर स्पष्टच लिहितो की किलास हा कुष्ठाचाच एक प्रकार, पण तो फक्त त्वचेत राहतो आणि त्यातून स्राव वाहत नाही. म्हणजे फरक नेमका हेरला आणि तरी कुष्ठाच्या कुळातच ठेवला. पुढचा सगळा घोळ या एका वाक्यात बसतो.

मला सगळ्यांत थक्क करतो तो वाग्भट. कोणतं श्वित्र (म्हणजे कोडच) बरं होईल आणि कोणतं सोडून द्यावं, हे तो ‘अष्टांगहृदया’त सांगतो. डाग नवा असावा, एकमेकांत मिसळलेला नसावा, भाजल्यामुळे आलेला नसावा आणि त्यावरचे केस पांढरे झालेले नसावेत. तळहात, ओठ आणि गुह्यभाग इथला डाग मात्र नवा असला तरी असाध्य. आजचा त्वचारोगतज्ज्ञही हेच पाहतो. केसाच्या मुळाशी रंगपेशींचा राखीव साठा असतो आणि उपचाराने रंग परततो तो तिथूनच. पांढऱ्या डागात केसांभोवती तपकिरी ठिपके उमटतात, मग ते पसरत जाऊन जुळतात. केसच पांढरा झाला तर साठा संपला. तळहाताला आणि ओठाला केस नाहीत, म्हणून तिथे काम अवघड. सूक्ष्मदर्शक नसताना हे केवळ पाहून पाहून कळलेलं आहे.

आणि याच परंपरेत चरक किलासाची कारणं देतो: खोटं बोलणं, कृतघ्नपणा, देवांची निंदा, गुरूंचा अपमान, पापकर्म, पूर्वजन्मीचं कर्म आणि विरोधी अन्न. पाहणारा डोळा आणि बोट दाखवणारा हात एकाच शास्त्राचे. यातलं विरोधी अन्न अजून जिवंत आहे. मासे खाल्ल्यावर दूध पिऊ नको, कोड फुटेल, हे किनारपट्टीवरच्या कितीतरी घरांत मुलांना आजही ऐकवतात. मासे आणि दुधाने कोड येत नाही. पण घरातल्या कुणाला डाग आला की ‘काय खाल्लं होतंस’ हा प्रश्न येतोच, आणि त्याच्या पोटात ‘काय केलं होतंस’ दडलेलं असतं.

हा गोंधळ फक्त आपला नव्हे. बायबलच्या लेवीय पुस्तकात याजकाने त्वचेवरचे पांढरे चट्टे तपासून माणसाला अशुद्ध ठरवायचं आहे. मूळ हिब्रू शब्दात नाना विकार मोडत होते. भाषांतरांत त्याचा महारोग झाला आणि शिक्का पक्का बसला. इंग्रजी अमदानीतल्या इथल्या खानेसुमारीत महारोगी मोजायचे होते, तेव्हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गणनाऱ्यांना मुद्दाम सूचना द्यावी लागली, की नुसतं ‘पांढरं कुष्ठ’ असलेल्यांना त्यात धरू नका. सरकारी तक्त्यातून ते सुटले. सोयरिकीच्या बैठकीत अशी सूचना द्यायला कुणी नव्हतं.

औषधाची गोष्ट त्यामानाने आशेची. बावचीचं बी आणि ऊन हा इथला जुना उपाय. चरकानेही रानउंबराचा रस गुळाबरोबर देऊन रोग्याला उन्हात बसवायला सांगितलं आहे. तिकडे इजिप्तमध्ये नाईलकाठच्या एका रानटी वनस्पतीचं बी खाऊन उन्हात बसत. १९३३ साली जोइस, मंजुनाथ आणि व्यंकटराव या भारतीय रसायनतज्ज्ञांनी बावचीतून सोरालेन वेगळं केलं. पुढे १९४० च्या दशकात कैरोच्या अल मोफ्ती यांनी त्याच जातीचं इजिप्शियन द्रव्य कोडाच्या रुग्णांवर शास्त्रीय पद्धतीने वापरलं. सोरालेन प्रकाशाशी संगनमत करून काम करतं. मात्रा चुकली तर कातडी भाजून फोड येतात, म्हणून घरच्या घरी बावची चोळून उन्हात बसणं धोक्याचं. नंतर उन्हाची जागा दिव्यांनी घेतली, १९९० च्या दशकात अतिनील किरणांचा अरुंद पट्टा आला, आणि २०२२ साली अमेरिकेत रक्सोलिटिनिबच्या मलमाला खास कोडातला रंग परत आणण्यासाठी परवानगी मिळाली.

एक पोटजात बायकांच्या ओळखीची. टिकलीच्या गोंदातल्या काही रसायनांनी रंगपेशी मरतात आणि कपाळावर टिकलीएवढाच गोल पांढरा डाग पडतो. टिकली लावणं तेव्हाच थांबवावं. डाग झाकायला त्यावर आणखी मोठी टिकली लावली जाते, तिथे घात होतो.

ज्या समाजात गोऱ्या मुलीची जाहिरात छापली जाते, त्याच समाजात अंगावर पांढरा ठिपका दिसला की लग्न मोडतं. मायकल जॅक्सनने १९९३ साली आपल्याला हा विकार असल्याचं सांगितलं. तो गोरा व्हायला निघालाय असंच त्यानंतरही जगभर बोललं गेलं. २००९ मध्ये तो गेल्यावर शवविच्छेदनात खरं ठरलं. त्याच्या स्मृतिदिनी, २५ जूनला, आता जागतिक कोड दिन पाळतात.

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी, स्वतःच्या अंगावर कोड असताना, या लोकांची संघटना उभी केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘नितळ’ (२००६) या चित्रपटाची नायिका अशीच डाग असलेली मुलगी आहे. संघटनेने स्वमदत गट चालवले, वधू-वर मेळावे भरवले. या संघटनेचं नाव ‘श्वेता’. श्वेतकुष्ठातला कुष्ठ तेवढा गाळलेला, असं मी ते वाचतो.