आधी वाट मोकळी करा: सामान साठवणारे भाडेकरू आणि त्यांचं घर टिकवण्याची धडपड

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, फिफ्थ ॲव्हेन्यू आणि १२८व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर कॉलियर बंधूंचं घर होतं. गहाणाचे पैसे थकले म्हणून १९४२ मध्ये बोवरी सेव्हिंग्ज बँकेने माणसं पाठवून अंगण साफ करायला घेतलं. धाकटा भाऊ लँग्ली आतून ओरडू लागला. पोलीस आले, दार फोडलं, तर समोर छतापर्यंत सामानाची भिंत. लँग्लीने एकाच चेकने सुमारे ६,७०० डॉलरची बाकी चुकती केली आणि सगळ्यांना हाकलून दिलं. बँकेचे पैसे मिळाले, प्रकरण मिटलं.

मार्च १९४७ मध्ये ‘घरात प्रेत आहे’ असा निनावी फोन पोलिसांना आला. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून शिरल्यावर थोरला होमर मेलेला सापडला. तो आंधळा होता आणि संधिवाताने जागेवर खिळलेला. संत्री खाऊन भावाची दृष्टी परत येईल अशी लँग्लीची श्रद्धा होती, आणि ती आली की वाचायला हवीत म्हणून त्याने वर्षानुवर्षांची वर्तमानपत्रं जपून ठेवली होती. लँग्लीचा शोध पुढचे अडीच आठवडे चालला. तो होमरपासून जेमतेम दहा फुटांवर होता. चोरांसाठी त्याने लावलेला सापळा त्याच्याच अंगावर कोसळला होता. घरातून शंभर टनांहून अधिक सामान निघालं आणि त्याच वर्षी घर पाडलं. अमेरिकी अग्निशमन दलाचे जवान सामानाने गच्च भरलेल्या घराला आजही ‘कॉलियर मॅन्शन’ म्हणतात.

या गोष्टीतली वर्तमानपत्रं सगळ्यांच्या लक्षात राहिली. मला तो चेक महत्त्वाचा वाटतो. ज्याच्याकडे तसा चेक फाडायची ऐपत नाही त्याचं काय होतं, हा प्रश्न पुढे काही दशकांनी सपोर्टिव्ह हाउसिंगच्या दारात येऊन बसला.

सपोर्टिव्ह हाउसिंग म्हणजे परवडणारं भाडं, भाडेकरूच्या नावाचा रीतसर करार, स्वतःच्या खोलीची किल्ली आणि हवी असेल तेव्हा सोशल वर्करची मदत. याची मुळं मनोरुग्णालयं रिकामी होण्यात आहेत. १९५५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसं होती. नवी औषधं आली, १९६३ मध्ये केनेडींनी सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर सही केली आणि रुग्णालयं ओसरू लागली. केंद्रं मात्र ठरली होती तितकी उभी राहिली नाहीत. बाहेर आलेल्या अनेकांनी न्यूयॉर्कसारख्या शहरांतल्या स्वस्त, एकेका खोलीच्या हॉटेलांत आसरा घेतला. मग त्या हॉटेलांचे महागडे फ्लॅट होऊ लागले आणि ही माणसं रस्त्यावर आली.

१९८० मध्ये फ्रान्सिस्कन पंथाच्या काही धर्मगुरूंनी मॅनहॅटनमधल्या २४व्या रस्त्यावर सेंट फ्रान्सिस रेसिडेन्स सुरू केलं. एकेका खोलीची जुनी इमारत, आणि मदतनीस त्याच इमारतीत. या क्षेत्राचा इतिहास सांगणारे बहुतेक इथूनच सुरुवात करतात. १९९२ मध्ये सॅम त्सेम्बेरिस यांनी ‘पाथवेज टू हाउसिंग’ ही संस्था काढून आणखी एक पाऊल टाकलं: आधी घर द्या, दारू सोडण्याची किंवा औषधं घेण्याची अट घालू नका. हाच ‘हाउसिंग फर्स्ट’.

तत्त्व चांगलंच होतं, पण त्यात एक पेच दडलेला होता. उपचार ऐच्छिक आणि करार बंधनकारक. औषध घेतलं नाही म्हणून कुणी घराबाहेर काढत नाही, पण शेगडीवर कागदांचे गठ्ठे असतील, आगीच्या वेळी सुटकेच्या जिन्याकडे जाणारी खिडकी अडली असेल, तर कराराचा भंग होतो. खोली दोनशे-तीनशे चौरस फुटांची, भिंतीपलीकडे शेजारी. मोठ्या बंगल्यात वीस वर्षं लपून राहील एवढा पसारा इथे दोन वर्षांत दिसतो. शिवाय भाड्याला सरकारी अनुदान असेल तर घराची ठरावीक मुदतीने तपासणी होते. पेस्ट कंट्रोलवाला येतो तेव्हाही दार उघडावं लागतं. आणि राहणाऱ्यांत अशी माणसं बरीच, ज्यांचं सगळं सामान आधी कधीतरी फुटपाथवर फेकलं गेलेलं असतं.

यावर नेहमीचा उपाय ठरलेला असे: नोटीस, मग कंत्राटदार, ट्रक आणि काळ्या पिशव्या. दिवसभरात खोली लख्ख. हा उपाय किती लटका आहे हे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मॅसॅच्युसेट्समधल्या आरोग्य अधिकाऱ्यांच्या पाहणीत समोर आलं. एका लहान गावाने आपल्या खात्याच्या तरतुदीतला मोठा भाग, १६,००० डॉलर, एक घर रिकामं करण्यात घातला. दीड वर्षाने घर पुन्हा तसंच. ही पाहणी करणाऱ्यांत रँडी फ्रॉस्ट आणि गेल स्टेकेटी होते. १९९३ मध्ये फ्रॉस्ट यांनी रेचेल ग्रॉस यांच्याबरोबर लिहिलेल्या लेखापासून या विषयाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला असं मानतात. तोवर डॉक्टर याला मंत्रचळाच्या विकाराचा एक उपप्रकार समजत. ही माणसं आळशी किंवा घाणेरडी नसतात, हे त्या संशोधनातून पुढे आलं. त्यांना वस्तूंची वर्गवारी जमत नाही, निर्णय घेणं जड जातं, प्रत्येक वस्तूचा पुढे उपयोग दिसतो आणि टाकताना खरोखर वेदना होतात.

पण बदलाचं श्रेय एकट्या मानसशास्त्राला देणं बरोबर नाही. ‘होर्डिंग डिसऑर्डर’, म्हणजे सामान साठवत राहण्याचा विकार, स्वतंत्र विकार म्हणून अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-५ या मनोविकारांच्या सूचीत आला २०१३ साली, आणि जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही आजारांची सूची त्यानंतर २०२२ पासून लागू झाली. त्याच्या कितीतरी आधी वकील, बंबवाले आणि घरमालक यात पडले होते.

वकिलांच्या हाती होता १९८८ चा कायदा. १९६८ च्या फेअर हाउसिंग ॲक्टमध्ये त्या वर्षी अपंगत्वाचा समावेश झाला आणि घरमालकाने ‘वाजवी सवलत’ द्यायची असं ठरलं. सामान साठवणाऱ्या भाडेकरूच्या बाबतीत ही सवलत म्हणजे बहुतेकदा वेळ. थेट बेदखलीचा दावा लावण्याऐवजी टप्प्याटप्प्याने आवरण्याची लेखी योजना, मधल्या तपासण्यांच्या तारखा आणि मदतीला माणूस. योजना पाळलीच नाही, किंवा इतरांच्या जिवाला खरा धोका असेल, तर मालकाला पुढे जाता येतं. ती दारं कायद्याने बंद केलेली नाहीत.

बंबवाल्यांची निकड वेगळी होती. व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीने १९९८ मध्ये अग्निशमन, आरोग्य, बांधकाम तपासणी आणि समाजकल्याण या खात्यांची होर्डिंगसाठी एकत्र समिती नेमली. अमेरिकेतली अशी ही पहिलीच समजतात. तिकडे मेलबर्नच्या अग्निशमन दलाने १९९९ ते २००९ या दहा वर्षांच्या नोंदी चाळल्या. घरांच्या आगींत सामान साठलेल्या घरांचा वाटा होता जेमतेम पाव टक्का, पण टाळता येण्याजोग्या मृत्यूंत २४ टक्के. टोरंटोत सप्टेंबर २०१० मध्ये २००, वेलस्ली स्ट्रीट या सरकारी भाड्याच्या तीस मजली इमारतीत चोविसाव्या मजल्यावर आग लागली. फेकलेलं सिगारेटचं थोटूक बाल्कनीतल्या साठ्यावर पडलं होतं. हजाराहून अधिक लोक घराबाहेर पडले, कित्येकांना आठवडेच्या आठवडे परतता आलं नाही. एका भाडेकरूच्या खोलीचा प्रश्न साऱ्या इमारतीचा होतो, हे टोरंटोला पुन्हा सांगावं लागलं नाही.

उरला पैसा. २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत या प्रश्नासाठी नेमलेल्या कृतिगटाने हिशेब मांडला: शहरातल्या घरमालकांना आणि सेवा संस्थांना होर्डिंगपायी वर्षाला किमान ६४ लाख डॉलर मोजावे लागतात. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका अभ्यासात बेदखली टाळण्यासाठी मदत मागायला आलेल्या ११५ जणांपैकी २२ टक्क्यांत हा विकार आढळला. एकूण लोकसंख्येत हे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास धरतात. म्हणजे घर जायच्या बेतात असलेल्यांच्या रांगेत दर पाचांत एक. (नेमका याच सुमाराला टीव्हीवर पसारा उपसण्याच्या कार्यक्रमांचा सुकाळ झाला. दोन दिवसांत घर चकाचक, शेवटी सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. मॅसॅच्युसेट्सचं ते घर दीड वर्षाने कसं होतं हे त्यांत कोण दाखवणार?)

या सगळ्यातून जी कामाची रीत घडली ती मूळ व्यसनमुक्ती क्षेत्रातली: हानी कमी करा, सवय मोडण्याची वाट पाहू नका. प्रत्यक्षात ते असं दिसतं. केस मॅनेजर, म्हणजे भाडेकरूच्या मदतीला नेमलेला माणूस, पहिल्या भेटीत सामानाबद्दल बोलतच नाही, किंवा फार थोडं बोलतो. मग एक चित्रसंच पुढे ठेवतो. एकाच खोलीचे नऊ फोटो, पहिल्यात रिकामी जमीन, नवव्यात छताला टेकलेला ढीग. ‘तुमची खोली यातली कुठली?’ भाडेकरूने स्वतः बोट ठेवायचं. चौथ्या फोटोपासून पुढे काळजीचं मानतात. त्यानंतरची यादी आखूड असते: दार पूर्ण उघडलं पाहिजे, पलंगापासून दारापर्यंत साधारण तीन फुटांची वाट, शेगडी आणि हीटर मोकळे, छताला आगीवर पाणी फवारणारा स्प्रिंकलर असेल तर त्याच्याखाली अठरा इंच काही नको. खोली सुंदर दिसावी अशी अपेक्षा नाही. भाडेकरूच्या परवानगीशिवाय एका कागदालाही हात लावायचा नाही. ठेवायचं की द्यायचं, त्याचं तोच ठरवतो. तासाभरात एखादी पिशवी बाहेर गेली तर बरं चाललंय असं समजतात. सगळ्यात जास्त वेळ खातं ते एका ढिगातली वस्तू उचलून, न्याहाळून दुसऱ्या ढिगावर ठेवणं.

अडचण अशी की हे काम महिनोन्‌महिने, आठवड्याला एक-दोन भेटी असं चालतं आणि तपासणीची तारीख त्यासाठी थांबत नाही. केस मॅनेजरकडे इतरही भाडेकरू असतात; तो नोकरी सोडून गेला की नव्या माणसासाठी दार उघडायलाच पुन्हा काही आठवडे जातात. त्यात जिथे इमारत आणि मदत एकाच संस्थेची, तिथे सकाळी नोटीस चिकटवणाऱ्याच्या आणि दुपारी ‘मदतीला आलोय’ म्हणणाऱ्याच्या कार्डावर नाव एकच. म्हणून अनेक संस्थांनी इमारतीचं व्यवस्थापन आणि सेवा यांचे कर्मचारी वेगळे ठेवले. दोघांची बैठक नियमित होते, पण भाडेकरूने काय सांगितलं यातलं किती पलीकडे जाईल हे त्याच्या लेखी संमतीवर ठरतं. ही संमती बहुतेक ठिकाणी पहिला फोटो दाखवण्याच्या आधीच घेतली जाते.