मुंबईचं धुरकं समुद्रावर जातं तेव्हा

22 आणि 23 जानेवारी 2022 हा शनिवार-रविवार अनेक मुंबईकरांना आठवत असेल. पाकिस्तानच्या बाजूने उठलेलं धुळीचं वादळ अरबी समुद्र ओलांडून थेट शहरावर आलं. समोरच्या इमारती पुसट झाल्या, दिवसाचा पारा उतरला, उघड्यावर लावलेल्या गाड्यांवर पांढरट थर बसला. दोन दिवस सगळ्यांच्या तोंडी एकच विषय होता: ही धूळ आली कुठून? उलट बाजूचा प्रश्न या शहरात फारसा विचारला जात नाही. थंडीभर आपल्याकडून जे आकाशात चढतं, ते जातं कुठे आणि तिथे जाऊन करतं काय? त्याचं उत्तर शोधायला सुरुवात होऊन बराच काळ लोटला आहे.

थंडीत मुंबईवर दोन वाऱ्यांची पाळी असते. रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, दुपारनंतर समुद्राकडून खारे वारे येतात. शिडाच्या होड्या होत्या तेव्हा कोळी बांधव याच हिशेबाने पहाटे बाहेर पडत आणि खाऱ्या वाऱ्यावर परत येत. या स्थानिक वाऱ्यांच्या जोडीला हिवाळ्यात ईशान्येकडून समुद्राकडे वाहणारा मोसमी प्रवाह असतो. खारे वारे उशिरा सुटले किंवा मंदावले की धुरकं शहरावर बसून राहतं आणि आपण हवेच्या निर्देशांकाची चर्चा करतो. जमिनीकडून जोराचा वारा सुटला की हवा 'स्वच्छ' होते, म्हणजे ते धुरकं अरबी समुद्रावर गेलेलं असतं.

शहराने धुराकडे आजवर पाहिलं ते वस्तीची तक्रार म्हणून. गिरण्यांच्या चिमण्या धडाडत होत्या त्या काळात, 1912 मध्ये, मुंबईसाठी धूर-उपद्रवाचा स्वतंत्र कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर तुर्भ्यात तेलशुद्धीकरण कारखाने, वीज केंद्र आणि खत कारखाना आला आणि चेंबूरला लोक 'गॅस चेंबर' म्हणू लागले. केईएम रुग्णालयात डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात मुंबईकरांच्या फुप्फुसांवर या हवेचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास केला. ते काम मोलाचं होतं. पण या सगळ्यात धुराची हद्द चिमणीभोवतालच्या वस्तीपुरतीच धरली होती. 1981 चा हवा प्रदूषण कायदाही मुळात त्याच चौकटीतला.

धूर देशाची सीमा ओलांडतो ही गोष्ट आधी युरोपने अनुभवली. साठच्या दशकाच्या अखेरीस स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वांते ओडेन यांनी दाखवून दिलं की स्कँडिनेव्हियातली तळी आम्लयुक्त होत आहेत ती ब्रिटन आणि मध्य युरोपातल्या गंधकयुक्त धुरामुळे. 1972 च्या स्टॉकहोमच्या पर्यावरण परिषदेत हा विषय पुढे आला आणि 1979 मध्ये जिनिव्हात दूरवर जाणाऱ्या हवा प्रदूषणाबाबत करार झाला. पुढे त्याच करारातून गंधक आणि नायट्रोजनच्या कपातीची बंधनं ठरली.

ढगांशी धुराचं नातं मात्र त्याहून जुनं. स्कॉटलंडचे जॉन एटकिन यांनी 1880 च्या सुमारास प्रयोग करून दाखवलं की बाष्प असलं तरी हवेत कण नसतील तर धुकं धरत नाही. प्रत्येक थेंबाला बसायला एक कण लागतो. मग कण वाढले तर पाऊसही वाढायला हवा, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात बहुतेकदा उलटं होतं. परातीत कणीक तेवढीच असेल आणि गोळे दुप्पट केले, तर प्रत्येक गोळा लहान होतो. ढगातल्या पाण्याचंही तसंच. शॉन ट्वोमी यांनी सत्तरच्या दशकात मांडलं की धुराने भरलेल्या ढगात थेंब जास्त पण बारीक होतात, आणि असा ढग अधिक ऊन परत अवकाशात फेकतो. त्याचा पुरावा समुद्रावर आधीच दिसला होता. 1966 मध्ये उपग्रहाच्या छायाचित्रांत जहाजांच्या मार्गांवर ढगांच्या लांबच लांब पांढऱ्या रेघा आढळल्या होत्या.

बारीक थेंबांची दुसरी अडचण म्हणजे ते खाली पडत नाहीत. पावसाचा एक थेंब व्हायला ढगातले साधारण दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. थेंब पुरेसे मोठे झाले की ते एकमेकांवर आपटून वाढत जातात. सगळेच लहान असतील तर ही टक्कर रखडते. काजळीचं काम आणखी वेगळं. ती ऊन शोषून भोवतालची हवा तापवते, त्यामुळे काही ढग विरून जातात. म्हणून प्रदूषणाने पाऊस वाढतो की कमी होतो, याला एका वाक्यात उत्तर देता येत नाही.

आपल्या समुद्रावर हे सारं मोजलं गेलं ते 1999 मध्ये. जानेवारी ते मार्च या काळात इंडोएक्स नावाची मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम झाली. तिचं नेतृत्व वीरभद्रन रामनाथन आणि नोबेल विजेते पॉल क्रुट्झन यांनी केलं. भारतीय बाजूची धुरा अशेषप्रसाद मित्रा यांच्याकडे होती. मालदीवमधून विमानं उडाली, काशिधू बेटावर वेधशाळा उभी राहिली, भारताचं 'सागर कन्या' हे जहाज मोजमापं घेत समुद्रात फिरलं. हाती जे आलं त्याने अनुभवी शास्त्रज्ञही चकित झाले. भारताच्या टोकापासून शेकडो किलोमीटर दूर, जिथे कारखाना ना मोटार, तिथल्या हवेत तपकिरी धुरकं होतं. त्याची जाडी तीन किलोमीटरपर्यंत होती आणि उत्तर हिंदी महासागराचा मोठा भाग त्याने व्यापला होता. बारीक कणांच्या वजनात काजळी दहा टक्क्यांहून अधिक. समुद्राच्या पृष्ठभागावर पोहोचणारं ऊन सुमारे 10 टक्क्यांनी घटलेलं.

ऑगस्ट 2002 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने यावर अहवाल काढला आणि 'एशियन ब्राउन क्लाउड' हे नाव जगभर झालं. जोहान्सबर्गची शाश्वत विकासाची जागतिक परिषद तोंडावर होती, त्यामुळे भारतातून लगेच नाराजीचा सूर उमटला. हा वाद निव्वळ राष्ट्राभिमानाचा होता असं मला वाटत नाही. मूळच्या पुण्याच्या, मान्सूनच्या ज्येष्ठ अभ्यासक सुलोचना गाडगीळ आणि जे. श्रीनिवासन यांनी 'करंट सायन्स' या विज्ञानपत्रिकेत सविस्तर टीका केली. त्यांचा रोख असा: हे धुरकं मुख्यतः कोरड्या महिन्यांतलं आहे, असं धुरकं फक्त आशियावरच असतं असं नाही, आणि मॉडेलच्या आधारावर मान्सूनबद्दल ठाम भाकितं करणं घाईचं आहे. आक्षेप रास्त होते. पुढे प्रकल्पाच्या नावातून 'आशियाई' हा शब्द गेला.

संशोधन मात्र थांबलं नाही. 2005 मध्ये रामनाथन यांच्या गटाने मांडलं की धुरक्यामुळे उत्तर हिंदी महासागराला ऊन कमी मिळतं, त्यामुळे उत्तर आणि दक्षिण समुद्राच्या तापमानातला फरक घटतो आणि मान्सूनचा जोर कमी होतो. 2011 मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासकांनी दाखवलं की विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्य आणि उत्तर भारतात घटलेल्या पावसामागे मानवनिर्मित कणांचा मोठा हात असावा. 2015 मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी कोल यांनी पावसाच्या घटीमागचं कारण म्हणून हिंदी महासागराच्या तापण्याकडे बोट दाखवलं. त्याआधी, 2014 मध्ये, व्ही. विनोज आणि सहकाऱ्यांनी सांगितलं होतं की अरबी समुद्रावरची पश्चिम आशियातली धूळ आठवडाभरात मध्य भारतातला पाऊस वाढवू शकते. म्हणजे शेजाऱ्याकडून येणारं सगळंच नुकसान करतं असं नाही. धूळ, गंधक आणि काजळी या तिघांची वागणूक वेगवेगळी आहे, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचं काहीच नीट कळत नाही.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो सिंहगडावरचा प्रयोग. धुरक्यातली काजळी कुणाची, यावर वर्षानुवर्षं वाद होता. काही अभ्यासक चुलीकडे बोट दाखवत, काही जण मोटारींकडे. स्टॉकहोम विद्यापीठाच्या ओर्यान गुस्ताफसन यांच्या गटाने भारतीय सहकाऱ्यांसह सिंहगडावर आणि मालदीवच्या हानिमाधू बेटावर हवेतले कण गोळा केले आणि त्यांतला किरणोत्सारी कार्बन-14 मोजला. लाकूड, शेणाच्या गोवऱ्या, पाचट यांत हा कार्बन असतो. कोळसा आणि पेट्रोल-डिझेल कोट्यवधी वर्षं जमिनीखाली राहिलेलं असतं, त्यामुळे त्यातला तो केव्हाच संपलेला असतो. काजळीला तिचं मूळ असं थेट विचारता येतं. 2009 मध्ये निष्कर्ष आले: मोजण्याच्या पद्धतीनुसार काजळीतला साधारण निम्मा ते दोन-तृतीयांश वाटा जळणाचा, म्हणजे चुलींचा आणि शेतात जाळल्या जाणाऱ्या काडीकचऱ्याचा. उरलेला खनिज इंधनाचा. दोन्ही बाजू थोड्या थोड्या बरोबर निघाल्या. पण चुलीचा धूर सर्वांत आधी चुलीपाशी बसलेल्या बाईच्या छातीत जातो आणि मग समुद्रावर, हे आकड्यांत दिसत नाही. म्हणूनच गॅस सिलिंडरचा प्रश्न मला हवामानाचाही प्रश्न वाटतो.

जळणाचा प्रश्न शहराला परका नाही. रोजचा पाव भाजणाऱ्या मुंबईतल्या कितीतरी बेकऱ्यांच्या भट्ट्यांत आजवर भंगारातलं लाकूड जळत आलं आहे. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा विजेवर नेण्याचे आदेश दिले. लहान बेकरीवाल्यांना तो खर्च जड आहे आणि त्यांना मदत मिळायलाच हवी. पण आदेशाची दिशा योग्य आहे.

महाराष्ट्राच्या ढगांचाही आता थेट अभ्यास होतो. पुण्याच्या त्याच हवामानशास्त्र संस्थेने 2009 पासून 'कायपेक्स' मोहिमेत विमानं ढगांत नेली. प्रदूषित हवेतल्या ढगांत थेंब बारीक राहतात आणि पाऊस धरण्यासाठी ढगाला अधिक उंच वाढावं लागतं, हे तिथे मोजून दिसलं. 2012 पासून महाबळेश्वरला संस्थेची ढगांची प्रयोगशाळाही आहे; पावसाळ्यात तिथे ढग आपणहून खिडकीशी येतात.

शास्त्र इथवर आलं, धोरण बरंच मागे राहिलं. 1998 मध्ये भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मालदीव आणि इराण यांनी सीमापार प्रदूषणाबाबत माले जाहीरनामा स्वीकारला. त्यात मोजमाप आणि सहकार्याची भाषा आहे. कुणी किती घट करायची याचं बंधन नाही. देशात 2019 पासून राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम आहे, पण त्याचं काम शहराशहरांच्या हद्दीत चालतं. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबई पालिकेने उंच बांधकामांभोवती 35 फुटी पत्रे लावायला सांगितलं. धूळ खाली बसवायला ते हवंच, काजळीला त्याने अटकाव होत नाही.

अरबी समुद्रावरच्या आकाशाला लागू झालेला खरा बंधनकारक नियम आला तो जहाजवाहतुकीकडून. 1 जानेवारी 2020 पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा जगभर 3.5 टक्क्यांवरून 0.5 टक्क्यांवर आली आणि ढगांतल्या त्या पांढऱ्या रेघा उपग्रहांना लक्षणीय कमी दिसू लागल्या. हवा सुधारली, त्याचबरोबर ऊन परतवणारं एक झाकणही पातळ झालं, आणि त्याने समुद्र किती जास्त तापला यावर वाद सुरू आहे. म्हणूनच मला वाटतं, आपल्या भागात काजळी आधी कमी व्हायला हवी. गंधकाचे कण ऊन परतवतात तरी. काजळी हवा तापवते आणि जमिनीवरचं ऊनही अडवते. शिवाय हवेतला तिचा मुक्काम जेमतेम आठवडाभराचा असतो, त्यामुळे भट्टी आणि चूल बदलली की फरक त्याच हिवाळ्यात दिसू शकतो. माले जाहीरनाम्यावर सह्या करणारे आठही देश फक्त काजळीपुरतं एक उद्दिष्ट ठरवू शकतात. मोजमापाची साधनं आणि माणसं सिंहगडापासून हानिमाधूपर्यंत तयार आहेत.