स्टिअरिंग थरथरतं की गाडी ओढते? बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट, दोन वेगळी कामं

गोव्यात चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की म्हापशापासून काणकोणपर्यंत टायरच्या कुठल्याही दुकानात एकच वाक्य कानावर पडतं : "पात्रांव, अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून टाकूया ना?" दोन्ही शब्द जोडीनंच येतात, बिलातही जोडीनंच बसतात. त्यामुळे बऱ्याच जणांना ही एकाच कामाची दोन नावं वाटतात. पावसानं रस्त्यांची चाळण केलेली असते, मूळ घरी जायची घाई असते, आणि "टाका करून" म्हणून आपण मोकळे होतो. प्रत्यक्षात दुखणी दोन आहेत, यंत्रं दोन आहेत, आणि पेट्रोलशी खराखुरा संबंध त्यातल्या एकाच कामाचा आहे. कुठलं दुखणं आहे हे दुकानात जाण्याआधी गाडी स्वतःच सांगत असते.

थरथर असेल तर बॅलन्सिंग

धारगळच्या बाजूला हायवे मोकळा मिळाला, काटा सत्तरच्या पुढे सरकला आणि स्टिअरिंग हातात बारीक थरथरायला लागलं. गावातल्या रस्त्यावर, साठाच्या आत, काहीच जाणवत नव्हतं. ऐंशी-नव्वदला थरथर वाढते आणि आणखी वेग घेतला तर कधी कधी कमीही होते. गाडी मात्र सरळ चालते. हे चाकाचा तोल गेल्याचं लक्षण. पुढचं चाक असेल तर थरथर स्टिअरिंगमध्ये येते, मागचं असेल तर सीटमध्ये आणि पायाखाली.

टायर आणि रिम मिळून वजन सगळीकडे सारखं कधीच नसतं. टायरला सांधे असतात, व्हॉल्व्हचं स्वतःचं वजन असतं. हा फरक काही ग्रॅमचाच, पण चाक फिरायला लागलं की तो फुगतो. १४ इंची रिमच्या कडेला ३० ग्रॅम जास्त असतील तर ताशी १०० किलोमीटरला ते चाकाला साधारण पाच किलोच्या जोरानं बाहेर ओढतात, आणि हा ओढा सेकंदाला सुमारे पंधरा वेळा वर-खाली फिरतो. वेग निम्मा झाला की जोर चौथाईवर येतो. म्हणूनच पणजीच्या ट्रॅफिकमध्ये वर्षभर गाडी चालवणाऱ्याला या दुखण्याचा पत्ताही लागत नाही.

दुरुस्ती सोपी आहे. चाक काढून मशीनवर चढवतात, रिमची मापं भरतात, झाकण बंद करून फिरवतात. थांबल्यावर पडद्यावर आतल्या आणि बाहेरच्या कडेचे दोन आकडे येतात, समजा २५ आणि १०. मेकॅनिक चाक हातानं हळूहळू फिरवतो, खूण जुळली की तिथं तेवढ्या ग्रॅमचं वजन लावतो. लोखंडी रिमला चिमट्याचं ठोकतात, अलॉयला आतून चिकटवतात. पुन्हा एकदा फिरवून दोन्हीकडे शून्य आलं की काम झालं. इथं एकच गोष्ट उभं राहून बघा : जुनी वजनं काढली का आणि चाक धुतलं का? जुन्या वजनांवर नवी चढवत नेलेली रिम मी पाहिली आहे, कोणाच्या तरी गळ्यातल्या माळेसारखी दिसत होती.

धुण्याचा मुद्दा आपल्याकडे जरा जास्तच लागू पडतो. डिचोली, सत्तरी, सांगे या बाजूला पावसात गाडी चालवली की लाल माती रिमच्या आतल्या बाजूला थापली जाते. बाहेरून गाडी स्वच्छ दिसते, आत मूठभर माती वाळून दगड झालेली असते, आणि तीही एकाच बाजूला. तेव्हा पावसाळ्यात अचानक थरथर सुरू झाली तर आधी पाण्याचा पाइप घ्या आणि रिम आतून धुवा. थरथर गेली तर पैसे वाचले.

नवा टायर बसवला किंवा पंक्चरसाठी टायर रिमवरून उतरवला की बॅलन्सिंग लागतंच. ट्यूबलेस टायरमध्ये बाहेरून दोरी भरून पंक्चर काढलं असेल तर सहसा लागत नाही. वजन कुठं गळून पडलं असेल तर रिमवर तेवढाच चौकोन स्वच्छ दिसतो, तोही बघून ठेवा. फक्त ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरत असेल तर चाकाचा तोल ठीक आहे, ब्रेकची डिस्क तपासायला हवी.

बॅलन्सिंगनं ॲव्हरेज वाढतं असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. बेअरिंग, सस्पेन्शनचे सांधे आणि टायर यांचं आयुष्य वाचतं, आणि लांबच्या प्रवासात हात दुखत नाहीत. तेवढ्यासाठी ते जरूर करावं. पेट्रोलच्या नावाखाली नको.

गाडी ओढत असेल तर अलाइनमेंट

अलाइनमेंटमध्ये चाकाच्या वजनाचा प्रश्नच नसतो. चाक कुठल्या दिशेला तोंड करून उभं आहे, हे तिथं बघतात. तीन मापं असतात : टो, कॅम्बर, कॅस्टर. कॅम्बर म्हणजे समोरून बघताना चाक उभ्या रेषेपासून आत किंवा बाहेर किती कललंय. कॅस्टर म्हणजे स्टिअरिंग ज्या आसाभोवती वळतं त्याचा पुढं-मागं कल. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं ते मुख्यतः त्याच्यामुळे. पण तुमच्या खिशाला हात घालतो तो टो.

टो म्हणजे वरून बघताना चाकं आत किंवा बाहेर किती वळली आहेत. दोन्ही पुढची चाकं जवळपास समांतर हवीत. खड्ड्यात आपटून टाय रॉड (स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणारा दांडा) वाकला, सांधा ढिला झाला की ती एकमेकांकडे वळतात किंवा बाहेर फाकतात. एका जोताचे दोन बैल एकमेकांकडे तोंड करून चालायला लागले तर नांगर पुढं जातो, पण ताकद जोत ओढण्यापेक्षा एकमेकांना रेटण्यात जाते. टायरचं तसंच होतं. चाक अर्धा अंश जरी तिरकं असलं तरी दर किलोमीटरला साधारण नऊ मीटर ते आडवं घासल्यासारखं होतं. पणजी ते मडगाव जाऊन येण्यात हे घासणं अर्ध्या किलोमीटरच्याही पुढे जातं. ते घासायला लागणारी ताकद इंजिन देतं, इंजिनाला पेट्रोल तुम्ही देता, आणि रबर जातं ते वेगळंच.

लक्षणं थरथरीपेक्षा निराळी. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सैल धरलं की गाडी एका बाजूला सरकते. किंवा गाडी सरळ जाते, पण स्टिअरिंगचा दांडा वाकडा राहतो. तिसरं लक्षण सगळ्यात भरवशाचं आणि फुकट : टायरवरून तळवा आडवा फिरवा. आतून बाहेर जाताना गुळगुळीत आणि बाहेरून आत येताना करवतीसारखी धार लागली, की टो बिघडला आहे. टायरची एकच कड झिजली असेल तर कॅम्बरचाही संशय घ्या. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग चांगला असेल तर हवा कमी राहत होती. मधला पट्टा झिजला तर हवा जास्त होती. मध्येच खळगे पडल्यासारखी झीज दिसली तर बॅलन्सिंग किंवा थकलेला शॉक ॲब्झॉर्बर. टायर वाचता आला की दुकानदाराचं ऐकायची गरज निम्मी होते.

"गाडी ओढते" म्हटलं की लगेच अलाइनमेंटला मात्र धावू नका. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून मधे उंच आणि कडेला उतरते बांधलेले असतात. आपण डावीकडून चालतो, तेव्हा गाडी थोडी डावीकडे सरकणारच. तपासायचं तर सपाट जागेवर, मागंपुढं कोणी नसताना, कमी वेगात. त्याआधी चारही टायरची हवा. पुढच्या एका टायरमध्ये चार-पाच पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी असले तरी गाडी त्या बाजूला ओढते. शिवाय प्रवासानंतर रिमजवळ हात नेऊन बघा, हात न लावता. एकच रिम जास्त तापलेली असेल तर तिथला ब्रेक अडकून राहतोय. हा बिघाड पेट्रोल तर खातोच, पण चोर्ला घाट उतरताना तो अंगावरही येऊ शकतो.

यंत्रावर काय होतं आणि काय होत नाही

चारही चाकांना पाट्या लावतात, गाडी थोडी मागेपुढे ढकलतात, स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवून मग सरळ बांधतात. पडद्यावर लाल-हिरवे आकडे दिसतात. मेकॅनिक खाली उतरतो, टाय रॉडचा लॉक नट ढिला करतो आणि रॉड पाव-अर्धा वळसा फिरवतो. टोचं काम तेवढंच.

इथंच घोळ होतो. बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये पुढचा टोच तेवढा जुळवायची सोय असते. कॅम्बर आणि कॅस्टर कारखान्यातच ठरलेले असतात. मागची दोन चाकं जोडणारा आडवा बीम तर नट फिरवून जुळतच नाही. ते आकडे लाल आले तर काहीतरी वाकलंय, सैल झालंय किंवा बसलंय. "कॅम्बर काढून देतो, एवढे जास्त लागतील" असं ऐकलं तर विचारा : नेमका कुठला भाग बदलणार? एका दुकानात मला उत्तर मिळालं, "जॅक लावून सरळ करतो." मी गाडी घेऊन निघालो. वाकलेला भाग रेटून सरळ करण्यापेक्षा बदललेला बरा, तो स्टिअरिंगच्या जवळचा असेल तर नक्कीच.

दुसरी गोष्ट, अलाइनमेंटच्या आधी गाडी उचलून चाक हातानं हलवून बघायला सांगा. टाय रॉड एंड किंवा बॉल जॉइंट यांसारखा चाकाजवळचा सांधा ढिला असताना केलेली अलाइनमेंट पुढच्या खड्ड्यापर्यंत टिकते, आणि पुढचा खड्डा आपल्याकडे लांब नसतो. शेवटी आधीचे आणि नंतरचे आकडे छापून मागा. कागद द्यायला टाळाटाळ होत असेल तर ते दुकान मनातल्या मनात खोडून टाका.

किती वेळानं? खड्ड्यात किंवा फूटपाथवर जोरात आपटली की लगेच. पुढच्या सस्पेन्शनचा भाग बदलला की लगेच. एरवी दहा हजार किलोमीटरला तपासून घेतलं तरी चालतं. दोन्ही कामं खरोखरच एकत्र करायची असतील तर आधी बॅलन्सिंग, मग अलाइनमेंट.

आणि पेट्रोल?

सिंधुदुर्गातल्या गाड्या हद्दीवरच्या पत्रादेवीला टाकी भरून परततात हे आपल्याला सवयीचं आहे. इथलं पेट्रोल तिकडच्यापेक्षा स्वस्त पडतं, त्यामुळे आपण थोडे गाफीलही असतो. अलाइनमेंट बिघडलेली असेल तर दुरुस्तीनं फरक पडतो, पण ती बिघडलेली असेल तरच. ठीक असलेली अलाइनमेंट पुन्हा करून ॲव्हरेज वाढत नाही. सगळ्यात मोठी बचत हवेत आहे. हवा कमी असलेला टायर जास्त दबतो, तापतो, इंजिनाला जास्त ओढायला लावतो. महिन्यातून दोनदा सकाळी, गाडी फार न चालवता, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा आकडा बघून हवा भरा. टायरच्या कडेवर छापलेला आकडा भरू नका, तो कमाल मर्यादेचा असतो. समुद्राकाठी राहणाऱ्यांनी जरा जास्त लक्ष ठेवावं. खाऱ्या हवेनं रिमची कड गंजली की तिथून हवा हळूहळू निसटते आणि पंक्चर शोधून सापडत नाही.

हवा बरोबर, कागदावरचे आकडे हिरवे, ब्रेक मोकळे, तरीही गाडी ओढत असेल तर शेवटचा उपाय दहा मिनिटांचा आहे. पुढची दोन चाकं डावी-उजवी अदलाबदल करून बघा, टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण नसेल तर. ओढ बाजू बदलली तर दोष त्या टायरमध्येच आहे. बदलली नाही तर टायरचं दुकान सोडा आणि सस्पेन्शन जाणणाऱ्या मेकॅनिककडे जा.