आधी फळी, मग शीड

विंडसर्फिंग, म्हणजे शीड लावलेल्या फळीवर उभं राहून वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून जायचा खेळ, शिकायला आलेला माणूस बहुतेक वेळा आधी शिडाची चौकशी करतो. रंगीत, डौलदार शिडाकडेच लक्ष जातं. पण पहिल्यांदा ठरवायची ती फळी, आणि तीही आपल्या वजनावरून.

फळीचं माप लिटरमध्ये सांगतात. पूर्ण बुडवली तर ती किती पाणी बाजूला सारेल, ते हे माप. आर्किमिडीजच्या नियमाने, बाजूला सारलेल्या प्रत्येक लिटरमागे साधारण एक किलो वजन तरतं. तुमचं वजन 70 किलो आणि फळी, शीड, डोलकाठी मिळून 20 किलो धरलं, तर 90 लिटरची फळी तुम्हाला जेमतेम तरंगत ठेवेल. पण नवशिक्याला नुसतं तरंगून भागत नाही. शीड पाण्यात आडवं पडलेलं असतं, त्यावर पाणी साचलेलं असतं. दोरी धरून ते वर ओढताना सगळा भार पायांखाली येतो आणि फळी डगमगते. म्हणून सुरुवातीला 180 ते 200 लिटरची रुंद फळीच बरी. ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून आधीच छोटी फळी घेणाऱ्यांबद्दल मला खरंच वाईट वाटतं. त्यांची सगळी हौस पाण्यात पडून पुन्हा चढण्यातच विरते.

मुरलेल्यांचं वेगळं. वेग आला की फळी पाण्यावरून घसरू लागते आणि उचल वेगातून मिळते. मग लिटर कमी असले तरी चालतात.

शीड मात्र वाऱ्यावर ठरतं. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 10 नॉटच्या (ताशी सुमारे 18 किलोमीटर) वाऱ्यात 5 चौरस मीटरच्या शिडावर ढोबळमानाने 8 किलोची ओढ असेल, तर 20 नॉटला ती 32 किलोंवर जाते. म्हणून वारा वाढला की शीड लहान करायचं. शिकताना 4 ते 5 चौरस मीटर पुरे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये 2024 साली पुरुषांची शिडं 9 चौरस मीटरची होती. पण त्या फळ्या पाण्याखालच्या पंखांवर उचलल्या जात होत्या, आणि ती शिडं पेलणारे खेळाडू वर्षानुवर्षं घडलेले होते.

कोकणात आणि गोव्यात आणखी एक पाहावं. सकाळचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. काठाजवळचं पाणी अगदी शांत दिसतं, पण हाच वारा नवशिक्याला आत ओढून नेतो. दुपारचा खारा वारा सुटेपर्यंत थांबावं. तो पडलेल्यालाही किनाऱ्याकडेच आणतो.